विमान मागून चालतं

शुक्रवार

पहाटे ठाण्याला उतरले, स्लो लोकलने भांडुप गाठलं. मामाने दार उघडलं तेव्हा त्याची दाढी-आंघोळ उरकलेली, शर्टाला कडक इस्त्री. सहा वाजायचे होते. "रोज हेच," मामी आतून म्हणाली, "ह्यांची ड्यूटी असते. कुठे, ते विचारायचं नाही."

अमरावतीत आमच्या गोतावळ्यात तो 'विमानातला मामा'. विमानात असतो म्हणजे चालवतच असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. लग्नाच्या पंगतीत कुणी "पायलटसाहेब, वाढू का?" म्हटलं की मामा म्हणायचा, "मी नाही चालवत बाप्पा, मी मागे बसतो." लोकांना तो विनय वाटायचा. नौदलाच्या आयएल-38 या टेहळणी विमानात मागच्या अंगाला हेडफोन लावून समुद्र ऐकत बसणं, ही त्याची नोकरी होती. त्याच्या जुन्या क्रूमधले दोघे या शनिवार-रविवारी मुंबईत येणार होते आणि मी बँकेत रजा टाकून त्यांच्या मागे फिरायचं ठरवलं होतं.

पोहे झाल्यावर मामाने दुधाच्या हिशेबाची वही ओढली आणि मागच्या पानावर विमान काढलं. चार पंख्यांचं, नाकाखाली रडारचा फुगवटा, शेपटीला मागे लांब दांडा. इल्युशिन-18 हे रशियन प्रवासी विमान, त्यावरून हे टेहळणीचं केलेलं. भारतात ते 1977 मध्ये आलं, गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावर 315 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये. ती विमानं 31 ऑक्टोबर 2023 ला निवृत्त झाली. ती येण्याच्या आदल्या वर्षापर्यंत, म्हणजे 1976 पर्यंत, समुद्रावरची लांब पल्ल्याची टेहळणी हवाई दलाकडे होती. नौदलाकडे ती आली तीही एअर इंडियाने वापरून सोडलेल्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांसकट. एके काळी सांताक्रूझहून लंडनला शेठ-सावकार नेणारी विमानं पुढे पाणबुड्या शोधत फिरली. मामाला ही गोष्ट फार आवडते. त्याच्या मते विमानांनाही दुसरी नोकरी मिळते, माणसालाच मिळत नाही.

मग त्याने चित्रात माणसं बसवायला सुरुवात केली. पुढे दोन पायलट. त्यांच्याजवळ फ्लाइट इंजिनिअर, इंजिनं आणि इंधनाचा हिशेब त्याच्याकडे. नॅव्हिगेटर: आपण नक्की कुठे आहोत, हे सांगणारा. आता उपग्रह हे काम फुकट करतात. तेव्हा खाली निळं पाणी, वर निळं आकाश आणि मध्ये आठ-दहा तास. रेडिओवाला किनाऱ्याशी आणि जहाजांशी बोलणार. रडारवाला पडद्यावरचे ठिपके बघणार. मामा आवाज ऐकणार. आणि या सगळ्यांच्या मधोमध टॅको, म्हणजे टॅक्टिकल कोऑर्डिनेटर. त्याच्या खुर्चीवर मामाने पेन्सिल दाबून गोल केला, कागद फाटेपर्यंत.

"पायलटले समोरच्या काचेतून काय दिसते? ढग," मामा म्हणाला. "पाण्यात काय चाललं ते मागे कळते. म्हणून मागून सांगायचं, पुढून वळवायचं."

रडारवाला सांगतो दिशा आणि अंतर. आवाजवाला सांगतो कोणत्या बॉयवर, म्हणजे विमानातून पाण्यात टाकलेल्या ऐकणाऱ्या नळीवर, काय ऐकू आलं. खिडकीवर डोळे लावून बसलेला सांगतो जहाजाचा रंग, धूर, फेस. प्रत्येकाकडे एकेक तुकडा. तुकडे जोडायचे टॅकोने, आणि त्यातून पायलटला सांगायचं की आता डावीकडे वळ, एवढ्या उंचीवर ये, इथे बॉय टाक. कित्येक नौदलांमध्ये टॅको पायलटपेक्षा वरिष्ठ असू शकतो आणि मोहिमेचा प्रमुखही तोच असू शकतो. विमान सुखरूप ठेवायची जबाबदारी मात्र पायलटची. टॅकोने कितीही सांगितलं तरी "इथून खाली उतरणार नाही" म्हणायचा हक्क पायलटला, आणि त्यावर आकाशात वाद नाही. वाद उतरल्यावर.

उतरल्यावर घरी जायचं नसतं, हेही तेव्हाच कळलं. उड्डाणाआधी ब्रीफिंग असतं: हवा कशी, आपली जहाजं कुठे, आदल्या क्रूने काय पाहिलं. उतरल्यावर डीब्रीफिंग. सगळे पेंगत असतात, कानात पंख्यांची घरघर चालूच असते, आणि नोंदीतली ओळ न् ओळ तपासली जाते. मामी म्हणते, दाबोळीच्या क्वार्टरमध्ये विमान उतरल्याचा आवाज यायचा, ती कुकर लावायची, आणि भात गार व्हायचा.

शनिवार

फोर्टात तिघे भेटले. कमांडरसाहेब टॅको होते. गिरगावात वाढलेले, अजून चालण्यात घाई. इंजिनिअरकाका कराडचे, फ्लाइट इंजिनिअर. मिठ्या-बिठ्या काही नाहीत. कमांडरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चार मिनिटं उशीर." मामा म्हणाला, "सर, सिग्नल." झालं, भेट संपली.

लायन गेटसमोरच्या चौकात विक्रांतचं स्मारक आहे. जुनी विमानवाहू विक्रांत 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, मग भंगारात गेली. तिच्याच धातूतून केलेलं हे शिल्प 2016 मध्ये इथे बसवलं. रहदारीच्या मधोमध असल्यामुळे धड बघता येत नाही. बसच्या खिडकीतून जास्त चांगलं दिसतं, असं माझं मत. कमांडरसाहेबांनी मात्र आम्हाला फुटपाथवर उभं करून अलिझेची गोष्ट सांगितली.

अलिझे हे विक्रांतवरून उडणारं फ्रेंच विमान, एका पंख्याचं, पाणबुडीच्या शोधासाठी केलेलं. त्यात माणसं तीनच. आयएल-38 मध्ये सात-आठ जणांत वाटलेलं काम तिघांत. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्यानंतर हंगोरचा माग काढण्यासाठी जहाजं आणि विमानं समुद्र चाळत होती. त्याच दिवसांत एका अलिझेला पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने गाठलं. त्या संथ विमानाला पळायला जागाच नव्हती. तिघेही परतले नाहीत. "लढाऊ विमान एकट्याचं असतं," साहेब म्हणाले. "आमच्यात एक चुकला तर सगळे जातात. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, त्यामुळे त्यावर कुणी भाषण करत नाही." आणि ते स्वतः लगेच गप्प झाले, कारण भाषण होतंय असं त्यांना वाटलं असावं.

जेवायला कॅफे मिलिटरी. 1933 सालचं इराणी हॉटेल, नाव ऐकून मामाला उगाच अभिमान. खिमा-पाव आल्यावर इंजिनिअरकाकांनी तोंड उघडलं.

"तुमचे हे टेहळणीचे नवे पी-8आय. लई भारी. बोइंग 737 चं धूड, दोन जेट इंजिनं. 2013 ला पहिलं अरक्कोणमला आलं, आता गोव्यातही 2022 पासून दुसरी स्क्वॉड्रन. पण कॉकपिटात माझी खुर्चीच न्हाई. कॉम्प्युटरनं खाल्ली."

फ्लाइट इंजिनिअर काय करतो, हे मी विचारलं. इंजिनांचे आकडे बघतो, तेलाचा दाब, तापमान, इंधन. हे ते सांगतीलच असं वाटलं होतं. त्यांनी सांगितली 27 मार्च 1977 ची टेनेरिफ विमानतळावरची गोष्ट. धुकं. केएलएमचं जंबो धावपट्टीवर धावायला लागलेलं, पॅनअ‍ॅमचं जंबो त्याच धावपट्टीवर. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं की ते विमान अजून बाजूला गेलं नाही का. कॅप्टनने ठासून सांगितलं, गेलं. 583 माणसं मेली. त्यानंतर जगभरच्या कॉकपिटांत शिकवायला सुरुवात झाली की धाकट्याने बोललं पाहिजे आणि थोरल्याने ऐकलं पाहिजे.

"कॅप्टननं गेलं म्हटल्यावर तो गडी गप बसला," काका पावाचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले. "मी असतो तर दुसऱ्यांदा विचारलं असतं. माझं काम तेवढंच हुतं, दुसऱ्यांदा विचारायचं."

कमांडरसाहेब म्हणाले, "तिसऱ्यांदाही विचारायचे." आणि सगळे हसले. पण दोन मिनिटांनी साहेबांनीच मला वेगळं सांगितलं की हाताखालचा माणूस बोलेनासा झाला की ते सर्वांत जास्त घाबरायचे. बडबड्या माणसाचं काय, त्याला थांबवता येतं.

इंटरकॉमवर बोलायची एक रीत असते. आधी कोण बोलतंय, मग काय दिसलं, मग कुठे. बस. "मला वाटतं ते मालवाहू जहाज असावं" असं नाही. "जहाज, काळा सांगाडा, पांढरी केबिन मागे, दोन क्रेन, उत्तरेकडे जातंय." वाटणं टॅकोसाठी राखून ठेवायचं. आणि दिसलं नसेल तर "दिसलं नाही" हे तितक्याच तातडीने सांगायचं, कारण टॅको वाट बघत असतो. बँकेत आमच्या मीटिंगांमध्ये ही पद्धत आणली तर दर सोमवारी दीड तास वाचेल, पण ते असो.

ही रीत कशासाठी, ते जेवणानंतर चालताना कळलं. काळा घोड्यापुढे, विद्यापीठाला लागून सत्र न्यायालयाची इमारत आहे. तिथे थांबून मामाने 'अलोंड्रा रेनबो'चं नाव काढलं. ऑक्टोबर 1999 मध्ये हे मालवाहू जहाज इंडोनेशियाजवळ चाच्यांनी पळवलं. पोटात अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे, सुमारे 7000 टन. मूळ खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं. नोव्हेंबरात आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर कोस्ट गार्डच्या डॉर्नियर विमानाला जहाज सापडलं, पण नाव दिसलं 'मेगा रामा' आणि झेंडा बेलीझचा. विमानातून वाचून सांगायचं ते हेच: काय लिहिलंय, कोणता झेंडा, सांगाडा कसा, सुकाणूच्या केबिनचा आकार कसा. विमानातल्या माणसाने "नाव वेगळं आहे, म्हणजे ते जहाज हे नव्हे" असं मनानेच ठरवलं असतं तर प्रकरण तिथे संपलं असतं. नाव रंगवून बदलता येतं, जहाजाची ठेवण बदलता येत नाही. कोस्ट गार्डच्या 'ताराबाई'ने पाठलाग केला, नौदलाची 'प्रहार' आली, आणि पंधरा चाचे पकडून मुंबईत आणले गेले. 2003 मध्ये सत्र न्यायालयात शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयात सुटले. तेव्हा चाचेगिरीचा वेगळा कायदाच आपल्याकडे नव्हता. तो 2022 साली झाला. म्हणून मार्च 2024 मध्ये 'रुएन' जहाजावरचे 35 सोमाली चाचे 'आयएनएस कोलकाता'ने मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा खटला कशाखाली चालवायचा हा प्रश्न उरला नव्हता. त्या मोहिमेतही पी-8आय वरून नजर ठेवून होतं; कमांडो सी-17 या मालवाहू विमानातून समुद्रात उतरले. फोटो कमांडोंचे छापून आले. विमानात पडद्यांसमोर बसलेल्यांचा एकही नाही. यावर तिघांपैकी कुणाची तक्रार नव्हती. माझी आहे.

रविवार

मेगाब्लॉक. मध्य रेल्वेने भांडुपहून भायखळा गाठायला जो वेळ लागला त्यात साहेबांचे दोन फोन आले. मामाचा नातूही सोबत होता, चौथीतला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडली आणि वरच्या डेकवर जागा मिळवली. थंडीचे दिवस, त्यामुळे सीगल मागे लागलेले आणि लोक त्यांना गाठ्या फेकत होते.

धक्क्याला लागूनच माझगाव डॉक. पाणबुड्या इथे बांधतात. 1992 मध्ये नौदलात आलेली 'शल्की' ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी इथलीच, आणि 2017 ची 'कलवरी' ते जानेवारी 2025 ची 'वागशीर' या सहाही इथल्याच. मामा त्या बाजूला बघून म्हणाला, "ह्या आपल्याच पोरींनी आपल्याले लई छळलं." सराव आपल्याच पाणबुड्यांशी होतो. त्या लपणार, यांनी शोधायचं, आणि संध्याकाळी पाणबुडीवाले येऊन सांगणार की तुम्ही डोक्यावरून तीनदा गेलात.

बोट सुटल्यावर साहेबांनी नातवाला काम दिलं. उजव्या बाजूचा समुद्र तुझा, दिसेल ते सांग. पोरगा लगेच ओरडला, "चाच्यांची बोट!"

"चाचे कसे ओळखलेस?"

"दाढी आहे."

"दाढी दिसली ना? मग दाढी सांग. चाचे मी ठरवतो."

मग त्यांनी त्याला बघायला शिकवलं, आणि मीही शिकून घेतलं. नजर फिरवत नेली तर काहीच दिसत नाही. डोळा थांबतो तेव्हाच त्याला दिसतं. म्हणून समुद्राचे अरुंद पट्टे करायचे, एकेका पट्ट्यावर नजर टेकवायची, मग पुढे सरकायचं. दुर्बीण शेवटी, आधी नाही. वरून बघताना जहाजाआधी त्याच्यामागचा फेसाचा पट्टा दिसतो. रात्री अंधुक दिवा बघायचा तर सरळ त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघायचं. पोराने निळी होडी, पिवळा झेंडा, तीन माणसं, जाळं आत ओढतायत, असं सगळं नीट सांगितलं. मग त्याचं लक्ष सीगलकडे गेलं ते गेलंच.

"बघा," साहेब खूश होऊन म्हणाले. "माणूस एवढाच वेळ बघू शकतो." दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कोस्टल कमांडच्या विमानांतले रडारवाले जर्मन पाणबुड्यांचे ठिपके चुकवायला लागले, काही वेळाने हटकून. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ केलं. त्याचा काटा टिकटिक पुढे सरकायचा आणि कधीतरी दुप्पट उडी मारायचा. समोरच्याने ती उडी ओळखायची. 1948 मध्ये त्याने निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच नजर मंदावायला लागते. आळस नाही, निष्काळजीपणा नाही, डोक्याची ठेवणच तशी. म्हणून चांगल्या क्रूमध्ये माणसं आलटून पालटून पडद्यावर बसतात. उठलेला माणूस चहा करतो. हुद्दा कोणताही असो. साहेबांच्या हातचा चहा कसा होता, हे मी मामाला विचारलं. "तो गुपित माहितीत येतो," मामा म्हणाला.

मग मामाच्या कामाकडे वळलो, आणि तो बोलायला लागला की थांबत नाही, हे मामीने सांगितलं होतंच. सोनोबॉय म्हणजे हातभर लांबीची नळी. विमानातून सोडली की छोटं पॅराशूट उघडतं, पाण्यात पडल्यावर वरचा भाग तरंगतो आणि केबलला बांधलेला पाण्याखालचा मायक्रोफोन खाली उतरतो. खाऱ्या पाण्यानेच बॅटरी चालू होते. ऐकलेलं सगळं रेडिओवरून वर विमानात. काही बॉय नुसते ऐकतात, काही स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात. नुसतं ऐकणाऱ्याचा फायदा असा की खालच्याला कळत नाही कुणी ऐकतंय. एक बॉय सांगतो आवाज आहे. कुठे आहे ते कळायला अनेक लागतात, विशिष्ट अंतरावर, विशिष्ट आकारात. तो आकार टॅको ठरवतो, पायलट तेवढ्या रेषेत विमान नेतो. रेष वाकडी गेली तर मामाच्या कानात पडणारं सगळं खोटं. "म्हणून पायलट चांगला लागतोच," मामाने मान्य केलं. पायलट उपस्थित नव्हता म्हणून असेल.

हेडफोनमध्ये पाणबुडी क्वचितच असते. असतात ट्रॉलर, मालवाहू जहाजं, देवमासे, पाऊस, आणि उथळ पाण्यात इवल्या कोळंब्या चिमटे वाजवतात, तो आवाज कढईत मोहरी तडतडावी तसा. त्यातून एक बारीक, सरळ, न बदलणारा सूर वेगळा काढायचा. पंख्याची पाती किती, मिनिटाला फेरे किती, आत कोणतं यंत्र गुणगुणतंय, हे त्या सुरातून निघतं. कानाबरोबर डोळाही लागतो, कारण आवाजाच्या रेघा कागदावर किंवा पडद्यावर उतरतात. पुन्हा समुद्र फसवतो. दुपारी वरचं पाणी तापतं आणि खालचं गारच राहतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, पण गार पाण्यात थोडा हळू, आणि तो हळू असलेल्या बाजूला वळतो. म्हणजे खाली वाकतो. मग वरच्या थरात असलेल्या मायक्रोफोनला खालची पाणबुडी ऐकूच येत नाही. पाणबुडीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, ते त्या थराखाली जाऊन बसतात. म्हणून शोध सुरू करण्याआधी पाण्याचं तापमान मोजणारा एक बॉय टाकतात आणि इतरांचे मायक्रोफोन किती खोल सोडायचे ते त्यावरून ठरवतात.

"डिझेलवाली पाणबुडी केव्हातरी वर येतेच," साहेब म्हणाले. "बॅटरी भरायला हवा लागते. नळी वर काढते तेवढाच रडारवाल्याला ठिपका. दोन फेऱ्यांत दिसतो, तिसऱ्यात गायब. तो ठिपका लाटेचा असेल, होडीचा असेल. पण गायब झाला, हे सांगणारा रडारवाला मला हवा. 'लाट असेल' म्हणून गिळणारा नको."

ठिपका गायब झाला की विमान तिकडे धावतं, बॉय टाकतं, मामा कान लावतो. अगदी जवळ आलं की शेपटीचा दांडा कामाला येतो: पाणबुडीच्या लोखंडाने पृथ्वीच्या चुंबकत्वात पडलेला फरक तो पकडतो, पण काहीशे मीटरपर्यंतच, म्हणून पाण्याला चिकटून उडावं लागतं. अमेरिकेच्या पी-8ए वर हा दांडा नाही. आपल्या पी-8आय वर तो आपण मागणी करून बसवून घेतला आहे. पाण्याच्या इतक्या जवळ, वळणं घेत, रात्री. त्या वेळी मागच्यांनी पुढे बघायचं नाही, असा मामाचा स्वतःचा नियम होता. "आपण आपला पडदा बघायचा. पुढचं पुढच्याले."

मी विचारलं, कधी परकी पाणबुडी ऐकलीस का? तिघेही मांडव्याच्या धक्क्याकडे बघायला लागले. मामा म्हणाला, "मासे लई ऐकले."

मांडव्याला नारळपाणी घेताना 1 ऑक्टोबर 2002 चा विषय निघाला. कोणी काढला आठवत नाही. स्क्वॉड्रनचा रौप्यमहोत्सव होता. दोन आयएल-38 एकत्र उडत होती आणि दाबोळीजवळ हवेत एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले 12 जण गेले, खाली जमिनीवर 3. त्या बारांची नावं इंजिनिअरकाकांना खुर्चीसकट पाठ आहेत: डावा पायलट अमुक, रडार तमुक. ती त्यांनी म्हटली. परतीची बोट चारची होती, ती पकडली.

सोमवार

ससून डॉक, भल्या पहाटे. हा हट्ट मामीचा, कारण मासळी. कोळणींच्या लिलावात मामीचं गणित पक्कं. सुरमई, हलवा आणि पाटीभर कोळंबी तिने अशा भावात घेतली की मामा बघतच राहिला. साहेब धक्क्यावर लागलेल्या ट्रॉलरांच्या रांगा बघत होते. बाहेरून आलेल्याला हे दृश्य सुंदर वाटतं. टॅकोला ही डोकेदुखी. मुंबईच्या बाहेर रडार लावलं की शेकडो ठिपके, आणि लहान लाकडी होडी रडारवर धड उमटतही नाही. मोठी जहाजं आपलं नाव-गाव रेडिओवरून आपोआप सांगत असतात. लहान होड्यांकडे ते यंत्र बहुधा नसतं. मग उरतो एकच उपाय: खाली जा आणि बघ.

हा उपाय किती मोठा आहे, ते मे 2021 मध्ये दिसलं. तौक्ते वादळात 17 मे रोजी तेलक्षेत्रातला पी-305 हा बार्ज नांगर तुटून वाहवत गेला आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर बुडाला. वर 261 माणसं. नौदलाची 'कोची' आणि 'कोलकाता' जहाजं वादळातच पोचली, हेलिकॉप्टरं गेली, आणि वरून शोधायला पी-8आय आलं. 186 जण जिवंत निघाले. अशा शोधात पाणबुडीची युद्धविद्या उपयोगाची नसते. लागतं ते वारा-प्रवाहाने माणूस किती वाहत गेला असेल याचं गणित, ठरावीक अंतराने समांतर रेघा मारत उडणारा पायलट आणि खिडकीला कपाळ टेकवून बसलेली माणसं. साहेब म्हणाले, खवळलेल्या पाण्यात नुसतं डोकं दिसत नाही. केशरी जॅकेट दिसतं, तेही लाटेच्या माथ्यावर असेल तेवढाच क्षण.

"बायका असतात का आता?" मामीने कोळंबीची पिशवी माझ्याकडे देत विचारलं. असतात. 3 ऑगस्ट 2022 ला पोरबंदरच्या 314 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून पाचजणींनी डॉर्नियर नेलं, उत्तर अरबी समुद्रावर टेहळणीला. विमानात पुरुष एकही नाही. लेफ्टनंट कमांडर आंचल शर्मा कॅप्टन, शिवांगी आणि अपूर्वा गीते पायलट, पूजा पांडा आणि पूजा शेखावत मागे, सेन्सरवर. दोन पूजा एका इंटरकॉमवर, हाक कशी मारत असतील, असा मामीचा प्रश्न. इंजिनिअरकाका म्हणाले, "नावानं न्हाई हाक मारत वहिनी. खुर्चीनं मारतात."

दुपारी भांडुपला कोळंबीचं कालवण. रात्रीच्या अंबा एक्सप्रेसला ठाण्यापर्यंत तिघेही सोडायला आले. डबा कुठे येणार यावर तिघांची तीन मतं होती. इंजिनिअरकाकांनी हमालाला विचारलं, मग दुसऱ्या हमालाला विचारलं.

हे लिहून झाल्यावर कमांडरसाहेबांना पाठवलं. त्यांनी रविवारमधली दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. मामाने अजून वाचलेलं नाही. इंजिनिअरकाकांची तक्रार आली आहे की फ्लाइट इंजिनिअरबद्दल फार कमी लिहिलंय, आणि त्यांनी ती दुसऱ्यांदाही पाठवली आहे.